उजवीकडची सीट

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा म्हटलं तर आता तुमचं रागावणंच आठवावं लागतं. इथे परदेशात, मलिंगार गावच्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसून फोनवर हे लिहितोय. वर तुमची सून ऑपरेशनच्या टेबलावर आहे. तुम्ही तिला पाहिलंच नाही. बडबडी, तापट, आणि माझ्याहून शंभरपट शहाणी. दोन वर्षं कॅन्सरचे उपचार चालू आहेत. आज सकाळी नुसत्या रक्ततपासणीसाठी इथे आली होती, एकटीच, आमची रोजची गाडी घेऊन. मी येतो म्हटलं तर म्हणाली, "काही नको. तू बस माझ्या सवतीपाशी."

सवत म्हणजे शेडमधली गाडी. नागपूरला सिव्हिल लाइन्समधल्या त्या लग्नात कुणा बड्या माणसाची अमेरिकन गाडी उभी होती, आठवतं? तुम्ही हात पाठीमागे बांधून तिच्याभोवती फिरत होतात आणि मला बजावत होतात, हात लावू नकोस, नुसतं बघ. अमेरिकेत त्या काळी दांडगट इंजिनांच्या गाड्या निघायच्या, भडक पट्ट्यांच्या, कोकलणाऱ्या. ही ताकदीला तशीच, पण वागायला खानदानी. लाकडी डॅशबोर्ड, चामड्याच्या सीटा, आणि आवाज असा की पैलवान हळू बोलतोय. फार थोड्याच बनल्या त्या. तशीच एक मला इथे सापडली, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात, टपावर कोंबड्या बसलेल्या. शहरात, सँट्रीच्या आमच्या तेव्हाच्या फ्लॅटमध्ये ती ठेवणार कुठे? म्हणून मलिंगारपलीकडच्या गावात शेडवालं घर घेतलं. तुमची सून काय भडकली होती! "सवतीला अख्खी शेड, आणि माझ्या किचनमध्ये दोनच प्रेस!" इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आम्हीही तसंच म्हणायला लागलोय.

गाडी अमेरिकन, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. आणि इथे आपल्यासारखंच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायचं. पुढे एखादं मोठं वाहन आलं की मला त्याच्यापलीकडचं काही म्हणता काही दिसत नाही. दिसतं ते उजवीकडच्या सीटवर बसणाऱ्याला. तिथे तुमची सून बसायची. दर रविवारी खिडकीतून मान बाहेर काढून सांगायची, "थांब... थांब रे... आता जा. अरे जा ना, बैलोबा!" आणि मी बिनधास्त जायचो. मला कधी भीती म्हणून वाटली नाही.

आज हॉस्पिटलचा फोन आला. तपासणीच्या खोलीबाहेरच ती कोसळली, आतडं फुटलंय, लवकर या. टॅक्सीवाला म्हणाला, दुपारनंतर येतो. दारात दुसरं वाहन नाही. काढली सवतीला. गावाबाहेर पडलो नाही तोच पुढे ट्रॅक्टर, मागे गवताने शिगोशीग भरलेली ट्रॉली, दोन्हीकडे उंच झुडपांची कुंपणं. पाय दाबायचा अवकाश, गाडी उडत पुढे गेली असती. पण उजवीकडची सीट रिकामी! एकदा गाडी थोडी बाहेर काढली, तर समोरून व्हॅन हॉर्न मारत आली. कसाबसा परत आत घुसलो. गिअर सापडेना. अमरावती रोडवर ट्रक ओलांडताना मी असंच केलं होतं. "दिसत नाही तिथे गाडी घालायची नाही!" तुम्ही ओरडलात, गाडी थांबवायला लावलीत आणि खाली उतरून माझ्याकडे पाठ करून उभे राहिलात. तेव्हा मनात म्हटलं होतं, काय नाटक आहे यांचं. आज त्या ट्रॉलीमागे रडत, शिव्या घालत मी तुम्हाला मोठमोठ्याने विचारत होतो, "बाबा, सांगा ना, रस्ता मोकळा आहे का?" कसलं काय. तो ट्रॅक्टर आपल्या फाट्याला वळेपर्यंत मी मागेच होतो. वळताना त्या भल्या माणसाने हातही केला. इथे सगळेच करतात.

पोचलो तेव्हा ती बेशुद्ध होती. सर्जन आपल्या नातीएवढी म्हणावी इतकी तरुण. माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसली आणि सावकाश सांगायला लागली. ऑपरेशन केलं तरी ती व्हेंटिलेटरवरून उतरेल याची खात्री नाही. नाही केलं तर दुखू न देता शेवटपर्यंत सांभाळू. मग म्हणाली, "तुम्ही तिला ओळखता. तिला बोलता आलं असतं, तर ती काय म्हणाली असती?"

मी क्षणभरही विचार केला नाही. "करा म्हणाली असती," असं सांगितलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगबगीने आत गेली.

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून तर लिहवतंय. गेल्याच महिन्यात मेथी निवडता निवडता ती म्हणाली होती, "हे बघ, पुढच्या वेळी काही झालं तर आता कापाकापी नको. पुरे झालं रे मला." मी काहीच न ऐकल्यासारखं करून टायर बदलायला हवेत म्हणून सांगत बसलो. तीही मग मेथी निवडत राहिली.

मला नीट ऐकू आलं होतं, बाबा.