आबांसाठी चिलखती गाडी

७ सप्टेंबर, रविवार
निर्णय पक्का. खंडेनवमीला सासऱ्यांना त्यांचीच गाडी भेट द्यायची. आबा फौजेत जवानांना नेणारी आठ चाकी चिलखती गाडी चालवायचे. तिचं कापून चिकटवायचं कागदी मॉडेल नेटवर फुकट मिळालं. गेल्या दिवाळीत आबा चारचौघांत म्हणाले होते, "इंजिनेर म्हंजे कागदावर रेघा मारनारा गडी." ते फार लागलं. आता त्यांच्या तोंडून शाबासकी घेणारच. एका रविवारचं काम आहे. आजचा प्रिंटरमध्ये गेला.

१० सप्टेंबर
सूचना पोलिश भाषेत. वाचायची गरज नाही. इंजिनिअरला चित्र पुरतं.

१४ सप्टेंबर
बायको, स्वप्नाली, म्हणते, जाड कागद आणा. त्यासाठी विश्रामबागेपर्यंत जावं लागेल. म्हणून मुद्दाम पातळच वापरतोय. वजन कमी राहतं.

१९ सप्टेंबर
एक चाक झालं. गोल म्हणता येईल. ऑफिसची फाइल बोटाला चिकटून घरी आली.

२८ सप्टेंबर, सकाळी ११
गाडी तयार! जरा डावीकडे कलते, पण लढाऊ गाडीला ते शोभतं. आठवं चाक म्हणजे खोकल्याच्या बाटलीचं झाकण. स्वप्नालीनं विचारलं, हे घर आहे का? बायको शेवटी माहेरचीच.

३० सप्टेंबर
सांगली ते सातारा स्वप्नालीनं खोकं मांडीवर धरलं. कराडपासून अबोला. मी फक्त एवढंच म्हणालो होतो की श्वास जपून घे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
आबांनी गाडी ओळखली! (सांगितल्यावर.) चारी बाजूंनी फिरवून बघितली. मग म्हणाले, "नवी गाडी हाय. पूजा झाल्याबिगर हाकायची न्हाई." अंगणात ट्रॅक्टर, त्याच्या शेजारी मोटरसायकल, तिच्या शेजारी माझी चिलखती. ऊर भरून आला. हळदकुंकू, झेंडूची माळ. तांब्यातलं पाणी शिंपडलं, नारळ फोडून त्याचंही शिंपडलं. चाकांखाली लिंबं ठेवली. "घ्या जावाईबापू, फुडं घ्या."
घेतली. वरचा भाग पुढे आला. चाकं लिंबांपाशीच राहिली.
आबा हसले. खोकला येईपर्यंत हसले. लग्नाला बारा वर्षं झाली, माझ्यासमोर पहिल्यांदाच. म्हणजे यशच. माळ जड होती, डिझाइनमध्ये दोष नाही.
जेवताना त्यांनी स्वतःहून विचारलं, हापिसात तुमी नेमकं काय करता? संधी सोडली नाही. म्हणालो, पुलांची डिझाइनं. तुमच्या गावच्या ओढ्यावरचा नवा पूल माझाच.
आबांचं हसू थांबलं. प्रभाव पडला असावा.

३ ऑक्टोबर
परत निघालो. आबा सोडायला कारमध्ये बसून ओढ्यापर्यंत आले. पूल दिसला तशी कार थांबवायला लावली, उतरले, स्वप्नालीलाही उतरवलं. म्हणाले, "पोरीला मी नेतो पान्यातनं. तुमी या गाडी घिऊन वरनं."
गुडघाभर पाणी होतं. स्वप्नालीनं चपला हातात घेतल्या, साडी खोचली आणि बापामागे निघाली. मला वाटलं होतं, एकदा तरी मागे बघेल.
पूल मी एकट्यानं ओलांडला. पहिल्या गियरमध्ये. सीटबेल्ट काढून.