मस्कतही गुजरातच

मंगळवार, धडगाव, दिवेलागण

तक्रारीवर सेवलीबाईचा अंगठा मिळाला एकदाचा. तिची पोरगी रमिला मस्कतला सापडलीय, कुणाच्या तरी घरात कोंडलेली. तिथले पोलीस, आपला दूतावास, सगळे तयार आहेत. फक्त इथून बेपत्ताची तक्रार हवी. आणि आई सकाळपासून म्हणतेय, "हरवली कुठे? गुजरातला गेलीय."

चिडले मी. पण कुणावर चिडू? आमच्या डोंगरातून कामाला गेलेला प्रत्येक माणूस गुजरातलाच गेलेला असतो. माझा बापही जायचा. रमिलाला नेणाऱ्या दलालाला तेवढंच सांगावं लागलं, गुजरात. कुणी पुढचं विचारलंच नाही.

साहेब म्हणत होते, "तिले समजाड ना, ताई." आमच्या पोलीस ठाण्यात इथली पावरी बोली येते ती मला एकटीला.

शेवटी दूतावासाने पाठवलेला फोटो मोबाईलवर दाखवला. सेवलीबाईने पोरीच्या गालावरून बोट फिरवलं, तसा फोटो सरकून गेला. ती घाबरली. मी परत आणला. पुन्हा फिरवलं, पुन्हा गेला.

मग तिने अंगठा दिला आणि विचारलं, "गुजरातची गाडी उतरली की नवापूरपासून जीप मिळेल ना तिला?"

मी हो म्हणाले. दलालही असाच चटकन हो म्हणाला असेल.