पेटीतली कथिलाची कांडी

मुंबई, ४ मार्च १९६३

अब्बा, सलाम. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होते.

कल्हईच्या कथिलात शिसं किती चालावं अन् ते कसं तपासावं, याचा नियम आमच्या प्रयोगशाळेत ठरून राह्यला. पण नमुने व्यापारीच निवडून आणतात. एकातही शिसं निघत नाही. मले शक आहे.

आपल्या सुलतानपुरात त्यांचीच कांडी येते ना? कल्हई करता करता तुमचा हात थरथरते, पोट दुखते, असं धाकट्या बहिणीनं, जहांआरानं लिहिलं. वय झालं म्हणता, पन्नाशीत काऊन? शिसं अंगात गेलं तरी असंच होते.

अम्मीले सांगा, कल्हईच्या भांड्यात चिंच शिजवू नको, आंबटात शिसं उतरते.

शिसं असलं तर कागदावर काळी रेघ उमटते. खाली जागा कोरी सोडली. तिथं तुमच्या पेटीतली कांडी घासा अन् हेच कार्ड पाकिटात घालून मले परत पाठवा.

पण अब्बा, मले बरं वाटावं म्हणून चांगली कांडी निवडू नका.

तुमचा शकील