क्युनिएटचं कार्ड

१४ जानेवारी १९८५
संक्रांत. वनस्पतिशास्त्राचा दुसरा लेक्चरर वसेकर तिळगूळ घेऊन आला. (पुढे नुसता व. लिहीन. वही कोण उघडतं, सांगता येत नाही.) गोड बोलला. आज बोलावंच लागतं. जाता जाता, "तुमच्या कार्डांचं कुठवर आलं?" याला कार्डं माहीत कशी? आठ वर्षं एकट्याने लिहितोय: पानाच्या आकाराचा इंग्रजी शब्द, त्याचं लॅटिन मूळ, पोरांना कळेल असा मराठी शब्द. व.सुद्धा असलंच पुस्तक काढतोय म्हणे.

१७ जाने.
कार्डांचा खोका तपासला. 'फाल्केट, विळ्यासारखं' हे कार्ड 'कॉर्डेट, काळजासारखं'च्या आधी. मी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावतो, असं नाही. कपाटाच्या किल्ल्या दोनच: एक माझी, एक बाबारावांची. ते प्रयोगशाळा सहाय्यक, पेडगावच्या सुतारांचे, वयाने मोठे. व.चा चहा तेच नेतात. दोन आणि दोन चार.
बायकोला सांगितलं. सुमन म्हणे, "भाजीत मीठ कमी पडलं तरी तुम्हाला कट वाटतो."

२१ जाने.
सापळा लावला. शब्द: क्युनिएट. बुडाशी निमुळतं होत गेलेलं पान, घोळीच्या भाजीचं असतं तसं. लॅटिनमध्ये मूळ अर्थ पाचर, कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकतात तीच. रोमन सैन्याच्या टोकदार फळीलाही हाच शब्द, नाटकगृहातल्या बाकांच्या गटालाही. मातीच्या विटांवरच्या त्या जुन्या लिपीचं नावही यातूनच आलं. फार आवडता शब्द. तरी कार्ड फाडलं आणि नवं लिहिलं: "मूळ अर्थ: नांगराचा फाळ." आता व.च्या तोंडून फाळ निघू दे, मग बघतो.
बाबारावांशी कामापुरतंच बोलायचं.

६ फेब्रु.
कॉलेजच्या भिंतीवर नामांतराची घोषणा, तिच्यावर चुना, चुन्यावर परत घोषणा. वर्ग निम्मे रिकामे.
बाबाराव दोनदा दारात. "सर, एक इचारायचं होतं." म्हटलं, नंतर. परत आले नाहीत. मन खात असणार.

२० फेब्रु.
स्टाफरूममध्ये मुद्दाम क्युनिएट काढलं. व. पटकन म्हणाला, "पाचर." लेकाचा सावध आहे.

१२ मार्च
प्रॅक्टिकल परीक्षा. परीक्षक बाहेरगावचे, शेजारी अंतर्गत परीक्षक म्हणून मी. पालमची शोभा आली. वर्गात हिच्याइतकी हुशार दुसरी नाही. पहिला वर्ग आला तरच वडील एम.एस्सी.ला औरंगाबादला पाठवणार, हे सगळ्यांना ठाऊक.
परीक्षकांनी घोळीची डहाळी पुढे केली.
"क्युनिएट, सर."
"म्हणजे?"
"नांगराचा फाळ. लॅटिन शब्द हाय."
ते मोठ्याने हसले. "फाळ? कुणी शिकवलं?"
तिने माझ्याकडे पाहिलं. मी घोळीकडे.
"चुकलं असंल, सर," ती म्हणाली. पुढची सोपी उत्तरंही मग अडखळली. त्यांनी गुण लिहिले. मी खाली सही केली.

१३ मार्च
बाबारावांना धरलं. लपवालपवी काही नाही.
"व्हय की सर, म्याच देतो कार्डं पोरायला. दुपारच्याला बसून उतरून घेतेत. इंग्रजी पुस्तक समजंना त्यायला. तुमीच म्हणले होते, पोरायसाठी लिवायलोय म्हणून."
म्हणालो असेन. व.ने कुणाच्या तरी वहीत पाहिलं असणार. आठ वर्षांच्या कामाची चोरी ती एवढीच.
"आणि फाळ? तुम्ही सुतार. खटकलं नाही?"
"खटकलं की. पण सरानं लिवलंय म्हणल्यावर..."
लाज वाटली. फार.

१५ मार्च
आज ते कार्ड काढलं. मागे पेन्सिलीने, बाबारावांचं अक्षर: "घोळीचं पान पाचरीवानी दिसतं. सरांना विचारणे. ६ फेब्रुवारी."

१६ मार्च
प्राचार्यांना पत्र लिहिलं: उत्तर चुकलं ते माझ्या कार्डामुळे, कार्ड मी जाणूनबुजून चुकवलेलं, मुलीची तोंडी परीक्षा पुन्हा घ्यावी. उद्या रविवार, गुणपत्रकं सोमवारी विद्यापीठात जाणार, म्हणजे आजच द्यायला हवं. सुमनने वाचलं. "मग निघा की." चपला घातल्या. नोकरीचं काय होईल? व. गावभर सांगेल. चपला काढल्या.
तेवढ्यात शोभा आली, गावी जायच्या आधी निरोप घ्यायला. पाया पडली.
"सर, खरं काय हाय, फाळ का पाचर? पुढं कामाला येईल."
"पाचर."
"मग मीच उतरताना चुकले असंल."
सुमन माझ्याकडे बघत होती. पोरीच्या हातावर लाडू ठेवला, आणि पालमच्या बसपर्यंत सोडते म्हणून तिच्याबरोबर निघून गेली.
प्राचार्य सहापर्यंत असतात. आत्ता सव्वापाच. पत्र खिशात आहे.