अर्धा किलो माती

पापडी, १२ मे

प्रिय पॉलिनताई,

जय येशू. बोळिंजचे तीन मजले तुमचे गुडघे अजून चढू देत असतील, अशी आशा आहे. इकडे बेसिलचा खोकला गेला आणि आईंची जीभ उत्तम चालते (म्हणजे प्रकृती ठीक).

मार्चमधल्या वणव्यात आपल्या मागच्या वाडीतली पंपाची शेड जळाली, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पाइप, वायरी, जुनी बॅटरी, सगळं वितळून मातीत गेलं. प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, राडारोडा उचलण्याआधी एकदा आणि उचलल्यावर एकदा, पाच ठिकाणची माती एकत्र करून अर्धा किलो पाठवा. शिसं उरलं नाही असं कळलं, तरच भाजी लावा. (आईंनी वालाचं बी तेव्हापासून पदराला बांधलंय. आणि आमची जीना टोमॅटो तोडून फ्रॉकला पुसते आणि तसाच खाते, म्हणून मला धास्ती.)

पहिली पिशवी आईंनी भरली, कारण मी शाळेत शिकवायला गेले होते. मग राडारोडा उचलायला प्रितेश आला, पांढरेशुभ्र बूट घालून. जळक्या वाडीत असे बूट घालणारा माणूस काहीतरी लपवणारच, असं मला वाटलं. (माझ्या संशयाला आधी माणूस लागतो, पुरावा मागाहून.) दोन दिवस मी खिडकीतून त्याच्या टेम्पोच्या फेऱ्या मोजल्या. नऊ वेळा गेला, दहा वेळा आला! (एखादी फेरी भाकरी उलटताना चुकली असेल, पण तेव्हा तसं वाटलं नाही.)

अहवाल आले. आधीच्या मातीत शिसं नावालाच, नंतरच्या मातीत मर्यादेच्या दुप्पट. झालं! प्रितेशला मी क्रुसाजवळ, सगळ्या आळीसमोर गाठलं. "दुसऱ्यांची घाण आमच्या वाडीत ओतलीस?" "मॅडम, मी उचलतो. ओतत नाही," एवढंच म्हणाला आणि बूट झटकून निघून गेला.

घरी येऊन अहवाल पुन्हा वाचला, तर पहिल्याच्या तळाशी बारीक टीप होती: नमुन्यात अंड्याची टरफलं आणि सुकटीची डोकी आढळली. ताई, या दोन वस्तू आपल्या घरात एकाच जागी पडतात, दारातल्या गुलाबाच्या कुंडीत. आईंना विचारलं. "मग काय जळकी माती देऊ? परक्याच्या हातात जायची होती. आपल्या लोपीसांची माती कशी असते, बघू दे की त्यांना!" रागावणार तरी कशी? शेजारी केळी देतानाही त्या घडातली सगळ्यात भरलेली फणी देतात.

तेव्हा शिसं आधीपासूनच होतं, आणि आता आणखी वीतभर माती खरवडायला हवी. पण प्रितेश माझा फोन उचलत नाही.

तुमची,
हिल्डा

ता. क. प्रितेश चौथीत तुमच्या हाताखाली शिकला ना? तुम्ही बोलावलंत तर येईल. माझी माफी पोचवा. बुटांचा विषय काढू नका.

ता. क. २. एक सांगायचं राहिलं. दुसरी पिशवी मी भरली. पाच ठिकाणची नाही, फक्त बॅटरी वितळली तिथली, मुद्दाम, खोल उकरून. मला प्रितेशला पकडायचं होतं. म्हणजे आपल्या वाडीची खरी माती अजून कुणी तपासलेलीच नाही. तिसरी पिशवी तुम्ही येऊन भरा. या घरात आता माझा कुणावरच भरवसा नाही, माझ्यावर तर मुळीच नाही.

ता. क. ३. लवकर या. पॉलिन माती बघायला येणार म्हणताच आईंनी तिथे शेणखत पसरायला घेतलं आहे.