दूध उतू गेलं आणि पदवी अडली

मानिझालेस, मंगळवार
(ढग खिडकीतून खोलीत आलेत, कागद सर्द झालाय, शाई फुटली तर अश्रू समजू नकोस)

परमपूज्य एर्सिलिया आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून आशीर्वाद मागतो. फोनवरच मागणार होतो, पण फोन तू तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलायस असं बाबांकडून कळलं. गुडघा कसा आहे? ती पांढरी कोंबडी अंडी द्यायला लागली, की अजून नुसतीच मिरवते? मी इकडे सुखरूप आहे, म्हणजे दोन वेळा खातो आणि एक वेळ झोपतो. बाकीचं सुख तुझ्या हातात आहे, पण त्या विषयाकडे हळूहळू वळतो. पत्र जीपवाल्या नेल्सनबरोबर पाठवतोय. नेहमीसारखं मोठ्याने वाच (मनातल्या मनात वाचलं की अक्षरं पळतात, असं तूच म्हणतेस), आणि संपेपर्यंत चुलीत घालू नकोस.

मी इथे नक्की काय शिकतो हे तू दोन वर्षं विचारते आहेस आणि मी दोन वर्षं टाळतोय, कारण मलाही नीटसं सांगता येत नाही. डिजिटल माध्यमं, कला आणि तंत्रज्ञान एकत्र, असं प्रवेशपत्रावर छापलंय. चित्रकार आम्हाला वायरमन म्हणतात आणि इंजिनियर आम्हाला चित्रकार म्हणतात, दोघंही शिवी दिल्यासारखं. बाबा गावात सांगतात की पोरगा प्रिंटर दुरुस्त करतो. (मागच्या सुट्टीत पाद्रीबाबांनी खरंच प्रिंटर आणून दिला. तो आता मुळीच चालत नाही.) तर या अभ्यासाच्या शेवटी एक मोठी कलाकृती मांडायची असते, आणि माझं घोडं तिथेच पेंड खायला लागलं.

माझी कल्पना, खोटं कशाला बोलू, झकास होती. अंधारी खोली, छतापासून लोंबणारे कॉफीचे शंभरेक कप, प्रत्येकात दिवा. माणूस आत आला की यंत्राने त्याची चाहूल घ्यायची, एका आवाजाचे बारीक तुकडे करायचे, आणि त्या तुकड्यांच्या चढउतारावर दिवे लागायचे-विझायचे. शब्द कळायला नकोत, नुसता आवाजाचा पोत. आता आवाज कुणाचा घ्यायचा? फोन उघडला तर त्यात तू. दूध तापत ठेवून, गुडघा चोळत चोळत मला पाठवलेले तुझे लांबलचक निरोप. एवढा आवाज कुणाकडे असतो, आत्या? घेतला. विचारलं नाही, कारण तुकडे झाल्यावर तो दळलेल्या मक्यासारखाच होणार, त्यात कुठलं कणीस कोणाचं हे कोण ओळखणार, असं मला वाटलं.

उद्‌घाटनाच्या दिवशी दळण अडकलं. परीक्षक आत आले, यंत्राने चाहूल घेतली, आणि तुकडे करायचं विसरून तुझा शेवटचा निरोप सलग, अथपासून सुरू केला. मी वायरींमध्ये हात घालून बसलो होतो. वरून तुझा आवाज, खणखणीत: ‘‘वील्मार, जेवलास का? जेवला नसशील. ऐक, तो खिळ्यांच्या दुकानाचा आल्देमार आज परत चीज घेऊन आला. त्या माणसाचे बूट एवढे करकरतात की चर्चमध्ये शिरला की वेदीवरचे संत माना वळवतात. आणि चीज इतकं खारट, याची गाय समुद्रात चरते का? पण मेलं, संपवते मी सगळं. एक फोड उरत नाही.’’

मी वायर उपटणार, तेवढ्यात आमच्या ग्रासिएलाबाईंनी, ज्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही, हात वर केला. म्हणाल्या, ‘‘हात लावशील तर नापास करीन.’’ आणि खाली जमिनीवर मांडी घालून बसल्या. मग सगळेच बसले. कपांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. तू सांगत होतीस, ‘‘परवा दाराशी टोपी हातात घेऊन उभा, म्हणतो, एर्सिलियाबाई, दोघांनी एकाच घरात म्हातारं व्हायला काय हरकत आहे? मी म्हटलं, विचार करून सांगते. तर केला मी विचार, वील्मार. आणि मी असं ठरवलंय की... अरे देवा, दूध!’’

आणि पुढे काही नाही. एक परीक्षक म्हणाले, ‘‘पुढचा निरोप लाव.’’ मी म्हटलं, ‘‘पुढचा नाही.’’ ते म्हणाले, ‘‘असं कसं नाही?’’ जणू मीच दूध उतू घालवलं.

शेवटी ग्रासिएलाबाई उठल्या. ‘‘तुझे दिवे काठावर पास. आत्याबाई विशेष गुणांनी. त्यांची परवानगी घेतली आहेस ना?’’ मी कपांकडे पाहत राहिलो. ‘‘मग आण. त्यांच्या होकाराशिवाय पदवी नाही.’’

हे कमी होतं म्हणून येसिका नावाच्या माझ्या वर्गमैत्रिणीने तेवढा भाग आपल्या फोनवरून जगाला वाटला. (तिच्या मते हे प्रेमापोटी.) संध्याकाळी तो आपल्या गावातल्या न्हाव्यापर्यंत पोचला, म्हणजे सगळ्यांपर्यंत. त्या दिवसापासून तू गप्प आहेस. तुला ओशाळवाणं झालं असेल, आणि ते माझ्यामुळे. आत्या, माफ कर. पदवीचं राहू दे बाजूला. भांडी घासताना आता मला कुणी जेवलास का विचारत नाही, आणि मला ते फार जाणवतं.

तुझाच,
वील्मार

ता. क. पदवी बाजूला राहू दे म्हटलं, पण अगदीच बाजूला नको. शुक्रवारच्या आत फोन तांदळातून काढून नुसतं ‘वापर मेल्या’ एवढं म्हणालीस तरी चालेल. ग्रासिएलाबाई ‘मेल्या’सकट स्वीकारणार आहेत.

ता. क. दुसरा. तू काय ठरवलंस हे सगळे मला विचारतात. काल विद्यापीठाच्या रखवालदाराने कॉफी पाजून विचारलं. तू सांगू नकोस. ते आमचं नाही, ते एकाच माणसाचं आहे.

ता. क. तिसरा. नेल्सनचं वर लिहिलं ते खोटं. आज सकाळी आल्देमार स्वतः प्रदर्शनाला आले. न्हाव्याकडे अर्धवट ऐकलं होतं, म्हणाले, पूर्ण ऐकायचंय. टोपी मांडीवर ठेवून अगदी पुढे बसले. बूट, संत, गाय, समुद्र, सगळं ऐकलं. आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो. संपल्यावर म्हणाले, ‘‘पोरा, ते चीजचं परत लावशील का? मला वाटायचं, त्या ते कोंबड्यांना घालतात.’’ तीनदा लावलं. मग खाली बाजारात जाऊन त्यांनी नवे बूट घेतले. मऊ तळव्यांचे, अजिबात वाजत नाहीत. म्हणूनच हे पत्र दाराच्या फटीतून कुणी सरकवलं ते तुला कळलं नसेल. ते अजून बाहेरच उभे आहेत, आत्या, आणि तू पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचते आहेस.

पुढचं तेवढं मनात वाच. चुलीवर दूध असेल तर आधी ते उतरव, आणि मग दार उघड.