साठ अंशांवर धुतलेला किल्ट

आई, टेरिकॉटला मरण नाही असं तू म्हणायचीस. तू गेलीस त्याला तेवीस वर्षं झाली. शाळेच्या बँडसाठी तू शिवलेले ते चौकडीचे किल्ट, ते निऱ्यांचे स्कर्ट, तुझ्यानंतरही कितीतरी वर्षं मुली घालत होत्या असं ऐकलं. माझा तुझ्यावरचा रागही तसाच धडधाकट आहे. तुला तो कधी तोंडावर सांगितला नाही. तू होतीस तेव्हा मी गुणी मुलगी होते, आणि तू गेल्यावर गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून गप्प बसले. आता मी एकावन्न वर्षांची आहे. वर्ष होत आलं, ऑफिस जेवणाच्या टेबलावर आहे, सगळं जग तोंडाला फडकं बांधून फिरतंय, आणि इथे रात्री नऊनंतर घराबाहेर पडायला बंदी आहे. गप्प बसायचा मला आता कंटाळा आलाय.

तू कधी न पाहिलेली तुझी नात बॅगपाइप वाजवते, काखेत पिशवी धरून फुंकायचा तो. इथे आइंडहोवनमध्ये तसा एक बँड आहे. डच माणसं स्कॉटलंडच्या लोकांसारखे गुडघ्यापर्यंतचे किल्ट घालून दर शनिवारी एका रोपांच्या नर्सरीच्या मागच्या पार्किंगमध्ये वाजवतात. नऊ वर्षांची असताना तिनं बाजारात तो आवाज ऐकला आणि जागची हलेना. मी तिचा हात ओढत होते आणि माझेच पाय निघत नव्हते. आमच्या शाळेच्या बँडमध्ये तेच वाजायचं; शाळा संपल्यानंतर मी तो आवाज कधी मुद्दाम ऐकला नव्हता. तिला शिकवायला जे आजोबा मिळाले ते रेडिओच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलायला अगदी कोरडे. पहिलं वर्षभर त्यांनी तिला नुसती बासरीसारखी नळी फुंकायला लावली आणि एकदाही ‘छान’ म्हटलं नाही. पोरगी त्यांच्यावर जीव टाकायची. पावसात, उलट्या वाऱ्यात सायकल मारत जायची, मागे कॅरियरला बॅगपाइपची पेटी बांधून.

बँडच्या कपड्यांकडे बघायला कुणीतरी हवं होतं. मी हात वर केला आणि म्हटलं, माझी आई हे शिवायची. अभिमानानं म्हटलं, आई. स्वतःच्याच तोंडचा तो अभिमान ऐकून मला चीड आली. त्यांनी चौदा किल्ट मोठमोठ्या पिशव्यांत कोंबून माझ्या हवाली केले. आतली पट्टी वाचली तर पासष्ट टक्के पॉलिएस्टर, पस्तीस टक्के व्हिस्कोज, म्हणजे आपल्या टेरिकॉटचं सख्खं भावंड. लोकरीचा किल्ट महाग, जड, त्याला कसर लागते, पावसात ओल्या मेंढीचा वास येतो. हा काटक. पण त्याची अवस्था काय केली होती या लोकांनी! कमरेला पुढे लटकवतात ती चामड्याची पिशवी घासून घासून कापडावर गोळे आलेले, बसून बसून मागच्या बाजूला तकतकी आलेली, निऱ्या हव्या तशा फाकलेल्या. आधी कपडे बघणारी बाई म्हणाली, “आम्ही सरळ मशीनमध्ये टाकतो.” मला तुझ्यासारखं “अगं बाई!” म्हणावंसं वाटलं.

मग मी त्यांना तुझी विद्या शिकवली. धुवायच्या आधी प्रत्येक निरीला पांढऱ्या दोऱ्याचे लांब कच्चे टाके घालायचे, वर, मध्ये आणि खाली. पाणी गार. पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं. सावलीत कमरेकडून चिमट्यांनी टांगायचं. इस्त्री उलट्या बाजूनं, वर ओलं मलमल ठेवून, आणि इस्त्री ओढायची नाही, उचलून ठेवायची. गोळे दाढीच्या पात्यानं, कापड ताणून धरून, अगदी हलक्या हातानं काढायचे. आणि सगळ्यात मोठा नियम, जो तू मशीनवर पाय मारता मारता सांगायचीस: “गरम दाखवलंस की हे कापड जसं असेल तसंच थिजतं. निरी असली तर निरी, चुरगळा असला तर चुरगळा. मग देव आला तरी तो निघत नाही.” इतर शिंपी प्लेट म्हणायचे, तू निरीच म्हणायचीस. आता त्या बँडमधल्या तिघी-चौघी गोऱ्या बाया ‘निरी’ म्हणतात. तुला हसू आलं असतं. मलाही येतं, आणि मग लगेच ती सकाळ आठवते.

मी नववीत आहे. भवानी पेठेतल्या आपल्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत खिडकीशी तुझं मशीन. बाबा जाऊन सहा वर्षं झालीत आणि कॅम्पातल्या शाळेचे सगळे गणवेश तू शिवतेस. शाळेचा बँड दिल्लीला निघालाय, आठ दिवस, दोन बाई आणि अठरा मुली. अठरा किल्ट तू शिवलेत, माझा सगळ्यात शेवटी. शाळेनं दिलेला तागा संपलाय, वीतभरही कापड उरलेलं नाही, हे तूच मला आदल्या दिवशी सांगितलंयस. सकाळी मी न्हाऊन बाहेर येते तर खोलीत प्लास्टिक जळल्याचा वास. किल्ट टेबलावर सुलट पसरलेला, वर मलमल नाही, पुढच्या सपाट भागावर इस्त्रीच्या आकाराचा डाग, काचेसारखा कडक. तू बाजूला उभी. म्हणालीस, “चुकून झालं गं.”

चुकून! बोटावर पाणी घेऊन इस्त्रीवर टिचकी मारणारी आणि नुसत्या आवाजावरून ती कापसाला तापलीय की टेरिकॉटला हे सांगणारी तू. सगळ्या पेठेतल्या बायका इस्त्री शिकायला तुझ्याकडे यायच्या. तुझ्या हातून माझ्या आठवणीत एक रुमाल जळला नव्हता. आणि जळला तो नेमका माझा किल्ट, नेमका निघायच्या दिवशी, नेमका कापड संपल्यावर. मी तेव्हाच ओळखलं. पंधरा वर्षांची मुलगी बावळट नसते, आई. रात्रभर तू कूस बदलत होतीस तेही मला ऐकू आलं होतं. दिल्ली, रेल्वे, परकी माणसं, बाप नसलेली पोर. तुला भीती वाटत होती, तर तसं सांगायचंस. “जाऊ नकोस” म्हणायचंस. मी आदळआपट केली असती, दोन दिवस जेवले नसते, पण तुझ्याशी भांडता तरी आलं असतं. तू भांडायची जागाच ठेवली नाहीस. ‘चुकून’शी कोण भांडणार?

आणि त्याहून वाईट पुढचं. बँडच्या बाई घरी आल्या. त्यांनी डाग पाहिला, “पूर्ण ड्रेस नसेल तर हिला रांगेत उभं करता येत नाही” म्हणाल्या, गेल्या वर्षीचा किल्ट असलेल्या एका बारक्या राखीव मुलीला निरोप धाडला आणि मग तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “ताई, होतं असं. मनाला लावून घेऊ नका.” तू रडलीस. शेजारच्या काकूंनी तुला चहा करून दिला. सगळे तुझं सांत्वन करत होते, आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, आता हिनंही काही बोलावं म्हणून. मी म्हटलं, “असू दे आई.” हे तीन शब्द तू माझ्याकडून काढून घेतलेस. दिल्ली गेली त्याचं दुःख केव्हाच विरलं. हे शब्द मात्र माझ्या तोंडून बाहेर पडले याचा संताप आजही येतो, भाजी चिरताना, मीटिंगमध्ये, कुठेही.

आता गेल्या सप्टेंबरचं सांगते. मार्चपासून बँड बंद होता आणि आजोबा तोवर वृद्धाश्रमात राहायला गेले होते. तळमजल्यावरची खोली, भेटायचं ते खिडकीच्या काचेतून. त्यांची तब्येत उतरत चालली होती. बँडवाल्यांनी ठरवलं, बागेत उभं राहून त्यांच्या खिडकीसमोर वाजवायचं. वृद्धाश्रमानं फक्त पाच जणांना परवानगी दिली, दीड-दीड मीटर अंतर ठेवून. पाचांत तुझी नात. सहा महिन्यांत मी तिला इतकी आनंदी पाहिली नव्हती. “आई, ही हॅज नेव्हर हर्ड मी इन फुल ड्रेस,” म्हणाली. तिला रांगेत घेतलं आणि लगेच बँड बंद पडला होता. आजोबांनी त्याबाबतीत सगळ्यांना कडक वळण लावलं होतं: सगळा पोशाख नसेल तर रांगेत जागा नाही.

त्याच आठवड्यात आपल्या पुण्यात मावशीचा मुलगा गेला. ऑक्सिजनच्या खाटेसाठी दोन दिवस गाडीतून फिरवत होते त्याला. मी इथून फोनवर नुसती “हो, हो” म्हणत होते. आणि इथे माझी पोर वृद्धाश्रमाच्या बागेत उभी राहून छातीभर श्वास घेणार, पिशवीत फुंकणार, तिच्या बाजूला आणखी चौघं फुंकणार. मी रात्री तिच्या खोलीच्या दारात जाऊन तिचा श्वास ऐकायचे. तिला “जाऊ नकोस” म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. इथली मुलं कारण मागतात, तिला तसं मागायला मीच शिकवलंय. माझ्याकडे नुसती भीती होती, आणि भीतीवर तिची उत्तरं तयार होती: उघड्यावर आहे, अंतर आहे, काच आहे. सगळी बरोबर.

मी पाचही जणांचे किल्ट धुवायला काढले. त्या दिवसांत आम्ही सगळंच साठ अंशांवर धूत होतो, मास्क, टॉवेल, पडदेसुद्धा. चौघांचे किल्ट गार पाण्यात हातानं झाले. तिचा साठावर गेला, कच्च्या टाक्यांशिवाय, आणि नंतर गरम ड्रायरमध्ये. बाहेर आला तेव्हा निऱ्या एकमेकींत मोडून थिजल्या होत्या, कंबर आत आली होती, चामड्याचे पट्टे लाकडासारखे ताठ. तिच्या मापाचा दुसरा नव्हता. मी म्हटलं, चुकून झालं गं.

तिनं एक निरी बोटांनी सोडवून पाहिली. मग म्हणाली, “खेफ्त निट, आई.” डचमध्ये असू दे म्हणायचं तर असंच म्हणतात. बँडच्या प्रमुखानं फोन करून माझी समजूत घातली. ती कपडेवाली बाई तर टपालानं कार्ड पाठवती झाली, वर सूर्यफूल, आत लिहिलेलं की तुझ्यावर इतका ताण आहे, स्वतःला दोष देऊ नकोस. मी ते कार्ड फाडून कागदाच्या कचऱ्यात टाकलं. बागेत तिच्या जागी एक बेकरीवाली बाई वाजवायला गेली. तिनं पाठवलेला व्हिडिओ पोरीनं एकदाच पाहिला. आजोबा काचेमागे खुर्चीत बसलेले दिसतात, रांगेतल्या प्रत्येकाकडे बघतात, पुन्हा पहिल्यापासून बघतात. कुणाला शोधत होते ते सांगायला नको. नोव्हेंबरात ते गेले. अंत्यविधीला तीस माणसांना परवानगी होती आणि त्यांचं कुटुंब मोठं, त्यामुळे बँडला जागा मिळाली नाही. तुझ्या नातीनं तो कार्यक्रम लॅपटॉपवर पाहिला, दार लावून.

तेव्हा हे ऐक. ते साठ अंश चुकून नव्हते. मशीनची चकती मी तिसावरून साठावर फिरवली तेव्हा मला तुझा नियम शब्दन् शब्द आठवत होता, आणि ‘चुकून झालं गं’ हे वाक्यही मी आधी मनात म्हणून पाहिलं होतं. हे वाचून तुला असं वाटेल की आता मला तुझं मन कळलं, आता मी तुला माफ करेन. नाही. उलट आता तुझा राग जास्त येतो, कारण हे करताना हात किती शांत असतो ते मला माहीत झालंय. तू घाबरून, गडबडून केलं असशील अशी एक पळवाट मी तुझ्यासाठी इतकी वर्षं ठेवली होती. ती आता बंद झाली.

तुला आठवतं का, त्या सकाळनंतर मी तुझ्या हातात परत कधी इस्त्रीचा कपडा दिला नाही? शाळेचा गणवेश, कॉलेजचे कपडे, लग्नातली साडीसुद्धा, सगळ्याला इस्त्री मीच केली. तू कौतुकानं सगळ्यांना सांगायचीस, पोर स्वावलंबी आहे. सप्टेंबरपासून तुझी नात स्वतःचे कपडे स्वतः धुते. तिची टोपली तिच्या खोलीत असते, मशीन लावते तेव्हा संपेपर्यंत स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहते. परवा शेजारीण म्हणाली, किती गुणी मुलगी आहे तुझी. मी हो म्हटलं. तिला अजून काही सांगितलेलं नाही. मशीन चालू असलं की मी स्वयंपाकघरात जात नाही.